चाळलेली राख

मी इस्पितळामागची भट्टी बोलतेय. हो, तीच, जिच्याजवळून जाताना तुम्ही नाकाला रुमाल लावता. तुम्हाला बोल लावत नाही; माझ्याकडे बघण्यासारखं काही नाहीच. आतून आग सोसणाऱ्या विटा, पुढे जाड लोखंडी दार, खाली राखेचा कप्पा आणि वर उंच धुराडं. तुमच्या तळपायाची आग क्वचित कधी मस्तकात जात असेल, माझा तो रोजचा धंदा होता. त्यामुळे बोलणं जरा तिखट लागलं तर चालवून घ्या. उद्या मला पाडणार आहेत. त्याआधी एक गोष्ट सांगायची आहे आणि ती मी सांगणारच.

मला बांधलं तेव्हा माझ्या पोटात दोन खोल्या केल्या होत्या. खालच्या खोलीत कचरा जळायचा. त्याचा धूर वरच्या खोलीत जायचा आणि तिथे आणखी कडक आचेवर पुन्हा जळायचा, म्हणजे त्यातलं बरंचसं विष तिथेच मोडून पडेल. काम संपवून निघताना गवंड्याने माझ्या दारावर थाप मारली आणि म्हणाला, "हिला नीट खाऊ घातलं तर ही कुणाला त्रास देणार नाही."

नीट खाऊ घातलं तर! सगळी गोम तिथेच होती.

माझ्या जेवणाचे नियम अगदी सोपे होते. पिवळ्या पिशवीतलं माझं, म्हणजे शस्त्रक्रियेत कापून काढलेलं, रक्ताने भिजलेल्या पट्ट्या, कापूस. लाल पिशवीतलं माझं नाही. सलाइनच्या बाटल्या, नळ्या, हातमोजे हे सगळं वाफेच्या यंत्रात शिजवून, तुकडे करून वेगळं पाठवायचं. सुया पांढऱ्या कडक डब्यात. प्रत्येक वॉर्डाच्या भिंतीवर रंगीत चित्रं काढून हे समजावलं होतं. पण भिंतीवरचं चित्र बघून वागणारा माणूस मला अजून भेटायचाय. नर्स घाईत, डॉक्टर त्याहून घाईत, नातेवाईक घाबरलेले. पिवळा डबा पलंगाजवळ आणि लाल डबा दाराबाहेर. मग काय, नळी पिवळ्यात, बाटली पिवळ्यात, औषधाचं वेष्टन पिवळ्यात. मुलांच्या वॉर्डातल्या पिशवीतून तर एकदा चाक मोडलेली खेळण्यातली मोटारसुद्धा आली. माझ्या पोटात गेलं की सगळ्यांचा निकाल एकच.

त्यात तिसऱ्याच वर्षी वरच्या खोलीतली आग बिघडली. ती दुरुस्त करा म्हणून अर्ज गेला. उत्तर आलं, खाली पेटतंय ना, मग झालं! तेव्हापासून माझा धूर अर्धाकच्चा बाहेर पडू लागला. प्लास्टिक जळलं की तो काळा, चिकट व्हायचा. धुलाईखान्याच्या दोरीवरच्या चादरींवर बसायचा, बाळंतिणींच्या खोल्यांच्या खिडक्यांवर बसायचा. फुटलेल्या थर्मामीटरमधला पाराही त्याच वाटेने वर जायचा. मला लाज वाटायची. पण भट्टीला तोंड मिटून घेता येत नाही. दार उघडून जे आत टाकतील ते जाळायचं.

माझं दार उघडणारा माणूस बावीस वर्षं एकच होता. त्याला सगळं इस्पितळ तात्या म्हणायचं. अंगाने काटकुळा, पाठीत वाकलेला. भुवया मी केव्हाच खाऊन टाकल्या होत्या, त्यामुळे त्याचा चेहरा सदा नवल वाटल्यासारखा दिसायचा. सकाळी आला की आधी माझ्याशी बोलायचा. "काय बाई, लागली का भूक? थांब, आज मोठ्या वॉर्डाचं ताट आहे." माझ्याशी बोलणारा तो एकटाच. माझा त्याच्यावर फार जीव होता. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्याला नावं ठेवाल.

माझी राख कुठेही टाकायची नसते. तिच्यासाठी सिमेंटचं अस्तर लावलेला खड्डा केला होता, वर झाकण. तो काठोकाठ भरला. दुसरा खड्डा मागितला तर "बघू" म्हणाले. राख काही कुणाची वाट बघत नाही, ती रोज होते. तात्या लहानपणापासून चुलीची राख बघत आलेला. राखेने भांडी लख्ख निघतात, राख वाफ्यात घातली की भाजी तरारते, पानांवर भुरभुरवली की किडे पळतात. राख म्हणजे त्याच्या लेखी चांगली वस्तू. ती वाया घालवणं त्याच्या जिवावर आलं.

पण तो काही निष्काळजी नव्हता हो! जुन्या लाउडस्पीकरमधलं एक जाड चुंबक त्याने दोरीला बांधलं होतं. थंड राख लोखंडी पाटीत काढायचा आणि ते चुंबक तिच्यातून सावकाश फिरवायचा. सुयांची टोकं, पातींचे तुकडे चुंबकाला चिकटून यायचे. ते पांढऱ्या डब्यात टाकायचा. असं तीनदा. मग राख बारीक चाळणीने चाळायची आणि पावडरीच्या रिकाम्या डब्यांत भरायची. चुंबक शेवटच्या फेरीत कोरंच वर आलं की खूश होऊन म्हणायचा, "बघ, काही लागलं नाही. राख चोख."

माझ्या भिंतीपलीकडे कर्मचाऱ्यांच्या बैठ्या घरांची रांग आहे आणि प्रत्येक घरामागे चार हात परसबाग. धुराड्यावरून मला ती सगळी दिसते. त्या रांगेत तात्याच्या राखेचा मोठा मान होता. धुलाईखान्यातल्या आक्का तर त्याच्या डब्याची वाटच बघायच्या. "तात्या, माझ्या टोमॅटोंना विसरलात की काय?" कुणाच्या घरी ती वाफ्यात जायची, कुणाच्या घरी भांडी घासायला. तात्या प्रत्येक दारात डबा ठेवून यायचा आणि रजिस्टरात सही करायचा. सहीच्या वर लिहायचा, "राख खड्ड्यात पुरली."

मला माहीत होतं का? होतं. माझ्या पोटात काय गेलं ते माझ्याशिवाय कुणाला माहीत असणार? नळ्यांतलं शिसं, रंगीत पिशव्यांतलं कॅडमियम जळून संपत नाही. त्यांना चुंबक ओढत नाही आणि चाळणी अडवत नाही. मी आतून धगधगत होते, पण धगीला शब्द नसतात.

मग तात्याची लेक आली. तिचं पहिलंच बाळंतपण, सहावा महिना लागलेला, नवरा कामासाठी दूरगावी. शेवटचे महिने आईवडिलांपाशी काढायला ती इथे राहिली. रोज दुपारी बापाचा डबा घेऊन माझ्या शेडपर्यंत यायची. आवाज खणखणीत, स्वभाव बापासारखाच हट्टी. डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून पालेभाज्या खायला सांगितलं होतं. झालं, तात्याला उधाण आलं. परसातल्या पालकाच्या वाफ्यात दुप्पट राख पडू लागली. "घरचा पालक आहे," तो मला सांगायचा. "बाजारातला काय, कुठल्या पाण्यावर वाढवतात देव जाणे!"

त्याच सुमारास इस्पितळात एक नवी सिस्टर आली. बुटकी, चष्मेवाली, चालण्यात घाई. इस्पितळातलं दुखणं इस्पितळातच पसरू नये हे बघायचं तिचं काम. आल्या आल्या तिने वॉर्डांच्या पिशव्या वर करून बघितल्या आणि साऱ्यांचं डोकं खाल्लं. तिसऱ्या दिवशी ती माझ्या शेडमध्ये हजर.

"राख कुठे जाते, तात्या?"

"खड्ड्यात."

"खड्डा मी बघितला. त्याच्या झाकणावर गवत उगवलंय."

तात्या हसला. खड्ड्याचं उत्तर रजिस्टराच्या सवयीचं होतं; लपवण्यासारखं काही आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. त्याने तिला चुंबक दाखवलं, चाळणी दाखवली, डबे दाखवले. मोठ्या अभिमानाने म्हणाला, "तुम्हालाही देतो एक. कुंड्या असतील ना तुमच्या?"

सिस्टरने डबा घेतला. पण कुंडीसाठी नाही. थोडी राख तिने नमुन्याच्या बाटलीत भरली, तात्याच्या परसातली पालकाची जुडी आणि वाफ्यातली मूठभर माती मागून घेतली. "रोग बघायला लघवी तपासतात, पालक तपासलेला पहिल्यांदाच बघतोय," तात्या तिच्या पाठीमागे म्हणाला आणि स्वतःशीच हसला.

पंधरा दिवसांनी ती परत आली. हातात कागद होता.

"तात्या, ही राख विषारी आहे. मातीतही उतरलंय आणि पालकातही."

"कसलं विष? मी तीनदा चुंबक फिरवतो."

"चुंबकाला फक्त लोखंड लागतं. शिसं नाही लागत."

तात्याचा चेहरा लाल झाला. "बावीस वर्षं इथे आहे मी. वर्षानुवर्षं या रांगेत माझी राख खपते. कोण मेलं? एक तरी दाखवा!"

"मेलेल्यांचं मी विचारत नाही," सिस्टर म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "शिसं असं एका दिवसात मारत नाही. अंगात साठतं. आईच्या अंगातून पोटातल्या बाळात जातं. तुमची मुलगी हा पालक खाते का?"

तात्याने हातातली पाटी खाली ठेवली आणि माझ्या दाराला पाठ टेकून बसला. दार अजून गरम होतं. शर्टातून चटका बसला असणार, तरी तो हलला नाही. म्हणाला, "रोज. मीच आग्रह करतो."

दुपारी लेक नेहमीसारखी डबा घेऊन आली. तिला शेडच्या दहा पावलं आधीच त्याने थांबवलं आणि तिथूनच सगळं सांगितलं. बाप लेकीशी असा लांबून बोलताना मी पहिल्यांदाच बघत होते. तिने पोटावर हात ठेवला.

"तुम्हाला माहीत होतं, बाबा?"

"नाही गं. तुझी शपथ."

"मग आता झालंय ना माहीत?" तिचे डोळे भरले होते, पण आवाज तोच खणखणीत. "आता काय करणार ते सांगा."

तिने रडून गोंधळ घातला असता तर कदाचित तात्याही रडून मोकळा झाला असता. पण तिने प्रश्न विचारला. त्या प्रश्नाने तो उठून उभा राहिला.

पहिलं काम त्याने स्वतःच्या परसात केलं. पालक, मेथी, कोथिंबीर मुळासकट उपटून जाड पिशव्यांत भरली आणि वाफ्याची वरची वीतभर माती खरवडून काढली. मग तो दारोदार गेला. ज्या दारांत डबे ठेवले होते त्याच दारांत उभा राहून सांगू लागला, "माझ्या राखेतलं काही खाऊ नका. डबे परत द्या. चूक माझी आहे."

काहींनी मुकाट्याने डबे दिले. काहींनी तोंडावर दार लावलं. आक्कांनी मात्र कमरेवर हात ठेवून अशी तोफ डागली की माझ्या धुराड्यापर्यंत ऐकू आली.

"इतक्या वर्षांनी उपरती झाली होय? माझे टोमॅटो डोळ्यांत खुपले वाटतं! बघा तरी कसे रसरशीत आहेत!"

"रसरशीत आहेत, आक्का, म्हणूनच पोटात जातात. वाळलेले असते तर तुम्हीच फेकले असते."

"माझी नातवंडं लहानपणापासून हेच खाताहेत!"

"म्हणूनच हात जोडतोय," तात्या म्हणाला आणि त्याने खरंच हात जोडले. "त्यांचं रक्त तपासून घ्या. सिस्टर तपासून देतील. मी पण देतोय."

आक्कांनी दार लोटून घेतलं. पण त्या दिवशी त्यांच्या घरातून टोमॅटो शिजण्याचा वास आला नाही.

दुसऱ्या दिवशी इस्पितळाचे कारभारी साहेब माझ्या शेडमध्ये आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! रुमाल नाकावर, बूट चिखलाने भरू नयेत म्हणून टाचा उचललेल्या.

"हे काय ऐकतोय मी, तात्या? रजिस्टरात तर राख पुरल्याचं लिहिलंय. मग विषय संपला की. उगाच लोकांत घबराट कशाला?"

"ते मीच लिहिलंय, साहेब. खोटं लिहिलंय. सही माझी आहे."

"हे असं मोठ्याने बोलू नका. नोकरी जाईल."

"जाऊ दे."

"आणि भट्टी का थंड आहे आज?"

"ती पेटणार नाही. वरची खोली दुरुस्त नाही, खड्डा भरलाय आणि पिशव्यांत प्लास्टिक आहे. हे तिन्ही मला ठाऊक असताना मी काडी ओढली, तर आता ती चूक राहत नाही, साहेब. ते पाप होतं."

साहेब माझ्याकडे बघायला लागले, जणू मीच त्याला फूस लावली होती. देवाशप्पथ, लावता आली असती तर बावीस वर्षांपूर्वीच लावली असती! त्या दिवशी मी थंड होते आणि आयुष्यात पहिल्यांदा मला स्वतःचा अभिमान वाटला.

मग जे झालं ते बघायला हवं होतं. तात्याने पिशव्या फोडल्या नाहीत, ते धोक्याचं. त्याने प्रत्येक पिशवीवर कुठल्या वॉर्डाची ते लिहिलं, गाडीवर रचल्या आणि जिच्यातून बाटल्यांचा, नळ्यांचा आकार बाहेरूनच दिसत होता ती पिशवी त्या त्या वॉर्डाच्या दाराशी परत नेऊन ठेवली. "ही माझ्या भट्टीची नाही. तुमची तुम्ही ठेवा." बरोबर सिस्टर आणि वॉर्ड झाडणाऱ्या मावशी. मावशींनी आजवर या पिशव्या उचलताना किती सुया हातात घुसवून घेतल्या होत्या ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. तोंडाचा पट्टा त्यांनी मनसोक्त सोडला.

एका बड्या सर्जनने खेकसून विचारलं, "मी शस्त्रक्रिया करू की कचरा निवडू?"

"तुम्ही नळी काढता तो हात दोन वीत डावीकडे न्या, डॉक्टरसाहेब," मावशी म्हणाल्या. "लाल डबा तिथे आणून ठेवलाय. निवडायचं काम आपोआप होतंय."

सर्जन हसले नाहीत. पण मावशी सांगत होत्या की पुढची नळी लाल डब्यात पडली.

चार दिवस पिशव्या इस्पितळातल्या थंड खोलीत साठल्या. पाचव्या दिवशी वरून तपासणी करणारी मंडळी आली. सिस्टरने राखेचा कागद त्यांच्याच हातात ठेवला होता. त्यांनी माझी वरची खोली बघितली, धुराडं बघितलं, खड्डा बघितला आणि माझं दार सील केलं. पिवळ्या पिशव्या आता बंद गाडीतून दूरच्या मोठ्या भट्टीकडे जातात. तिच्या दोन्ही खोल्या पेटतात म्हणे आणि तिच्या धुराची रोज मोजदाद होते. लाल पिशव्यांसाठी इथेच वाफेचं यंत्र बसलं. धुलाईखान्याच्या दोरीवरच्या चादरी हल्ली पांढऱ्या वाळतात. हे मला धुराड्यावरून दिसतं आणि बरं वाटतं, हेही सांगते.

तात्याला चौकशीला तोंड द्यावं लागलं. ताकीद मिळाली, पण नोकरी राहिली, आणि काम मिळालं तेही त्याच्याच हट्टाचं. रांगेतल्या सगळ्या परसांतली माती खरवडून बंद पिंपांत भरायची. तोंडावर जाड मुखवटा आणि हातांत रबरी मोजे घालून तो रोज कुदळ चालवायचा. तिसऱ्या दिवशी आक्का हिरव्या-लाल टोमॅटोंनी भरलेली टोपली घेऊन आल्या आणि त्यांनी ती पिंपात रिकामी केली. त्यांच्या धाकट्या नातवाच्या रक्तात शिसं निघालं होतं. त्या तात्याशी बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी पहाटेपासून स्वतःच्या वाफ्यात फावडं घेऊन त्याच उभ्या होत्या.

लेकीच्या रक्तातही निघालं. असायला हवं त्यापेक्षा जास्त. डॉक्टरांनी खोटा धीर दिला नाही. म्हणाले, खाणं थांबलंय हे मोठं काम झालं, कॅल्शियम घ्या, बाळ झाल्यावर त्याचंही रक्त तपासू, मोठं होईपर्यंत तपासत राहू. मुलगी झाली. वजन जरा कमी भरलं. रक्तात थोडं शिसं आहे. तिचं पुढे काय, हे आज कुणी सांगू शकत नाही. मीही नाही.

आता उद्याचं. पाडायचा ठेका ज्याला मिळालाय तो परवा येऊन माझ्या विटा ठोकून बघून गेला. "कसली पक्की वीट आहे!" म्हणाला. त्याच्या मागोमाग रांगेतले दोघेतिघे आले. एकाला न्हाणीघराची मोरी बांधायची आहे, एकाला अंगणात ओटा. बघा, माणसाची जात! चांगली वस्तू वाया कशी घालवायची? माझ्या प्रत्येक विटेत बावीस वर्षांचा धूर मुरलाय, आणि तिच्यावर मुलं पाय सोडून बसणार!

तात्याने ते ऐकलं आणि लाल रंगाचा डबा घेऊन तो कालपासून माझ्या अंगावर फुल्या मारतोय. आतून, बाहेरून, एकेका विटेवर. "एकही वीट या फाटकातून माती भरायच्या पिंपांशिवाय दुसरीकडे जाणार नाही," ठेकेदाराला त्याने तोंडावर सांगितलं. "मी इथेच खुर्ची टाकून बसणार आहे. शेवटची वीट पिंपात पडेपर्यंत."

आज संध्याकाळी लेक बाळाला घेऊन आली. फाटकाशीच थांबली, ते आता तिला सांगावं लागत नाही. बाळ झोपलेलं नव्हतं. लेकीने हाक मारली, "बाबा, घेता का हिला?"

तात्याने ब्रश खाली ठेवला. मुखवटा काढला, मोजे काढले, फाटकाबाहेरच्या नळावर कोपरापर्यंत हात धुतले, तोंड धुतलं, वरचा सदरा काढून पिशवीत बांधला. मग पुन्हा हात धुतले. पुन्हा धुतले. चौथ्यांदा साबण घेतला तेव्हा लेक म्हणाली, "पुरे, बाबा."

"थांब," तो म्हणाला आणि नखं घासत राहिला.

लेक पुढे झाली, नळ बंद केला आणि बाळ त्याच्या ओल्या हातांत ठेवलं.

माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या गावातल्या इस्पितळामागेही माझी एखादी बहीण असेल. तिच्याकडे पाठ फिरवू नका. तिच्या तोंडात काय पडतंय आणि तिच्या पोटातून काय बाहेर जातंय, हे जाऊन विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत दारातून हलू नका. माझ्यापुरतं सांगायचं तर मला जपू नका, माझी आठवण म्हणून एक वीटही ठेवू नका. उद्या घण पडेल तेव्हा तो जोरात पडू दे.